पेवातली ज्वारी

पहिल्या पोत्यात सळई खुपसून बाहेर काढली आणि ज्वारीच्या आधी तिचा वास आला. आंबूस, कोंदट, ओल्या मातीचा. आमच्या भागातल्या कुणालाही तो डोळे मिटून ओळखता येतो. ज्वारी पेवातली होती. आणि गाडी माझ्या सासऱ्यांची होती आणि गोदामासमोर सगळं गाव उभं होतं.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कणगी. रांजणासारखा खोल खड्डा खणायचा, आतून कडब्याचं अस्तर लावायचं, ज्वारी भरायची आणि तोंडावर शिळा ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. पेव उघडायचं ते दुष्काळात, नाहीतर घरावर मोठा प्रसंग आला तर. एरवी त्याला हात लावत नाहीत. त्यामुळे पाडव्याच्या दिवशी, पीकपाणी बरं असताना, मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पेवातली ज्वारी गाडीत घालून का आणली ते मला कळेना. मनात आलं ते वाईटच आलं. फुकटच्या गोदामात आधी घरातली घाण लोटावी, असा विचार गावात बऱ्याच जणांनी बोलून दाखवला होता. मामाही त्यातलेच निघाले की काय, असं वाटून मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

भूकंप होऊन गेल्यावर आमच्या भागात बाहेरची मदत यायला लागली. आधी तंबू आले, मग घरं आली, आणि सगळ्यात शेवटी युरोपातल्या एका संस्थेनं आमच्या बेलखोणीला धान्याचं गोदाम बांधून दिलं. अट एकच. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढायची, आपला माल एकत्र ठेवायचा आणि भाव आला की एकत्र विकायचा. सुगीच्या तोंडावर आडत्याच्या दारात पडेल भावानं माल टाकून यायचं बंद करायचं. ऐकायला गोड होतं. गावानं माना डोलावल्या, सह्या-अंगठे केले आणि घरी जाऊन झोपी गेलं.

गोदाम उभं राहिलं. सिमेंटची जमीन, उंच जोतं, वर पत्रा, उंदीर शिरू नये म्हणून दाराला खालून लोखंडी पट्टी. गावात त्याचं नाव पडलं गोऱ्यांचं गोदाम. नावामागोमाग अफवाही आल्या. इथं ठेवलेली ज्वारी बोटीनं परदेशात जाते. तुझा पांढरा शाळू माझ्या पिवळ्या ज्वारीत मिसळतात आणि मग ओळखायचं कसं? पोत्यामागे काहीतरी कापून घेतात. कापून काय घेतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण घेतात यावर एकमत होतं.

मदत देणाऱ्यांचा आग्रह होता की माल पारखायचं काम एका बाईनं करावं. गावातल्या सुनांमध्ये बारावी झालेली मी एकटी. महानंदा, विश्वनाथअप्पांची थोरली सून. प्रशिक्षणाला पुण्याला पाठवायचा विषय निघाला तेव्हा मला वाटलं, घरात हे नाव काढायचीही सोय नाही. पण मामा आत्याबाईंना, माझ्या सासूला, म्हणाले, "जाऊ दे म्हणावं."

तेही मला म्हणाले नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून सासऱ्यांशी मी थेट बोललेच नव्हते, आणि तेही माझ्याशी. आमच्याकडे तशी रीतच. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचं असलं तर सासूमार्फत. मी चुलीपाशी म्हणायची, "आत्या, चहा झालाय म्हणावं." मामा दाराबाहेर ओसरीवरच बसलेले. त्यांना ऐकू गेलेलं असायचंच. तरी आत्या मान वळवून सांगायच्या, "चहा झालाय म्हणायली ती." मग ते म्हणायचे, "आण म्हणावं." आणि आत्या मला सांगायच्या, "आण." एका कपाला एवढी यातायात. पण कुणाला त्याचं काही वाटत नसे, मलाही नाही.

प्रशिक्षणात एक गोष्ट आमच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली होती. ओला माल गोदामात घ्यायचा नाही. एक ओलं पोतं आत गेलं की ते तापतं, त्याला बुरशी धरते, कीड होते, आणि शेजारच्या सुक्या पोत्यांनाही ते नासवतं. त्यासाठी त्यांनी मला एक यंत्र दिलं होतं. मूठभर दाणे त्यात घालायचे, झाकण पिळायचं आणि काटा बघायचा. हिरव्या पट्टीत राहिला तर घ्यायचं, तांबड्यात गेला तर परत. आधी पोकळ टोकदार सळई पोत्यात खुपसून आतले दाणे काढायचे, कारण वरचे दाणे कुणाचेही चांगलेच असतात.

हे सगळं शिकून मी तयार होते. पण माल कुठं होता? पाडव्याला गोदाम उघडायचं ठरलं. मदत देणाऱ्या संस्थेच्या मार्टाबाई स्वतः येणार, सोबत पुण्याचे सबनीस साहेब येणार. साहेबांनी बजावून ठेवलं होतं की या हंगामात गोदामात माल आला तरच पुढची मदत मिळेल. धान्य साफ करायचं मोठं यंत्र आणि शहरातला थेट गिऱ्हाईक. नाही आला, तर सगळं शेजारच्या गावाला. मी घरोघरी फिरले. ज्याला विचारावं तो म्हणायचा, आधी दुसऱ्याचं जाऊ द्या, मग बघू. आमच्या घरची सोय म्हणावी तर आमची पेरणी उशिराची, कणसं अजून खळ्यावर पडलेली, रास व्हायची होती. भाकरी थापताना मी आत्यांजवळ रडकुंडीला आले. म्हटलं, पाडव्याला गोदाम रिकामं राहिलं तर गावात तोंड कसं दाखवू? आत्या म्हणाल्या, भाकरी करपायली बघ.

आणि पाडव्याला नारळ फुटायच्या वेळेला, गोदामाच्या दाराशी गुढी उभी असताना, वळणावरून एक गाडी आली. बैलांची शिंगं रंगवलेली, जुवाला आंब्याचा डहाळा. पुढे कासरा धरून मामा. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा. त्यांनी पाहुण्यांना हात जोडून शरणार्थ केलं. गावात कुजबुज झाली. सबनीस साहेबांनी कॅमेरा काढला. मला तर हुंदकाच आला होता. मग मी सळई खुपसली.

यंत्रात दाणे घातले. झाकण पिळलं. काटा हिरव्या पट्टीवरून सरळ तांबड्यात गेला आणि टोकाला जाऊन थांबला. मी दाणे ओतून टाकले, दुसऱ्या पोत्यातले घातले. तेच झालं. तिसऱ्या पोत्यातले घातले तेव्हा मला ठाऊक होतं काय होणार ते.

सबनीस साहेब जवळ सरकले. त्यांनी काटा बघितला आणि आवाज खाली करून म्हणाले, "घेऊन टाका. फोटो होऊ दे. दोन दिवसांनी गुपचूप बाहेर काढू."

मार्टाबाईंनी सळईतले दाणे हातावर घेतले, नाकाशी नेले आणि काहीतरी बोलल्या. साहेब म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या तळघरात असा वास यायचा म्हणतात. बाई हसत होत्या. त्यांना गाडी कुणाची, मी कोण, यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

साहेबांचं म्हणणं मला पटलं नव्हतं असं नाही. चांगलं पटलं होतं. पोती आत जातील, फोटो निघेल, मामांचा मान राहील, मदत राहील. नंतर कुणाला कळणार आहे? पण मी मान वर केली आणि मला रमजानचाचा दिसले. खांद्यावर रुमाल, हाताची घडी. गावात त्यांच्याइतकी स्वच्छ, टपोरी ज्वारी कुणाची नसे, आणि त्यांच्याइतका चिकित्सक माणूसही नसे. त्यांचं नाक माझ्यापेक्षा तिखट होतं. वास त्यांना केव्हाच आला होता. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या जुन्या माणसांनाही आला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. सासऱ्याच्या मालाचं सून काय करते, एवढंच त्यांना बघायचं होतं.

घेतली, तर उद्या जो तो आपली कुजकी-मुजकी घेऊन येणार आणि मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? न घेतली, तर आलेली एकुलती एक गाडीही गेली, आणि संध्याकाळी मला त्याच घरी जायचं होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.  मी आत्यांना शोधलं, सवयीनंच. त्या घरी होत्या.

"मामा," मी म्हटलं.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मामांनीही दचकून बघितलं. माझ्या तोंडातून त्यांना उद्देशून निघालेला तो पहिला शब्द होता.

"ही ज्वारी घेता येत नाही." प्रशिक्षणात शिकवलेलं वाक्यच आलं तोंडातून, तसंच पुस्तकी.

मामा माझ्याकडे बघेनात. त्यांनी कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि रमजानचाचांकडे वळून म्हणाले, "इचार तिला, का घेता येत न्हाई म्हणं."

चाचा बिचारे गोंधळले. दोन पावलं पुढं आले आणि मला म्हणाले, "का घेता येत न्हाई म्हणायलेत."

"ओली हाय. आत गेली तर दुसऱ्यांची बी नासंल."

चाचा मामांकडे वळले. "ओली हाय म्हणायली. दुसऱ्यांची..."

"ऐकलो मी," मामा म्हणाले.

मागून कुणीतरी म्हातारा बोलला की भरली गाडी दारातून माघारी जाऊ नये, सूनबाई, एक पोतं तरी शकुनाचं ठेवून घे. बायकांनीही मान हलवली. आमच्याकडे हे फार मानतात. धान्याची भरली गाडी दारातून परत गेली तर त्या दाराला पुन्हा बरकत नाही. मी मामांच्या पायांकडे बघत होते. नवी वहाण घातली होती त्यांनी.

"एक पोतं पण न्हाई," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं.

मामांनी गाडी वळवली. जागा अपुरी होती, बैल बुजले, चाक गुढीच्या पाटाला घासलं. कुणी मदतीला पुढं झालं नाही, कारण कुणी व्हावं हेच कुणाला कळेना. ते गाडीत बसले नाहीत. कासरा धरून पुढे चालत गेले, आले होते तसेच.

त्यानंतर समारंभाला काही अर्थ उरला नाही. नारळाच्या कवड्या वाटल्या गेल्या. रिकाम्या गोदामात मार्टाबाईंच्या सँडलचे आवाज घुमले. त्यांनी विचारलं असावं, कारण साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून बराच वेळ काहीतरी सांगितलं. बाईंचं हसू मावळलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. जाताना साहेब तुटकपणे म्हणाले की तालुक्याला मुक्काम आहे, परवा पुण्याला परत जाताना एकदा डोकावू, तेव्हाही असंच असलं तर माझा नाइलाज आहे. आणि थोडं पुढे जाऊन परत आले. "बाई, एवढं कडक होऊन चालत नाही," म्हणाले. "गाव चालवायचं असतं."

सगळे गेल्यावर मी गोदामाच्या पायरीवर बसून राहिले. ऊन कलायला लागलं तरी उठवेना. आमचे हे साखर कारखान्यावर कामाला, हंगाम संपेपर्यंत येणार नव्हते. घरात फक्त ती दोघं आणि मी. मामा रागीट नव्हते, पण गावात शब्दाला वजन असलेला माणूस. पंचायतीत त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता. तो मी पाडल्यासारखंच झालं होतं, तेही परक्यांसमोर, गावभरच्या बायकांसमोर. मला माहेरी पाठवतील, असं वाटत होतं. माहेरी गेले तर बाबा काय म्हणतील तेही ठरवून झालं. रिकाम्या गोदामाला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि पुन्हा ओढून बघितलं. 

घरी पोचले तेव्हा गाडी अंगणात उभी होती. पोती तशीच गाडीत. बैल सोडलेले. मामा कुठं दिसेनात. आत्या अंगणात ज्वारी पाखडत होत्या. नेहमीपेक्षा सूप जोरात आपटत होतं.

मी हातपाय धुऊन चुलीकडे निघाले तर म्हणाल्या, "थांब."

मी थांबले.

"ती शिळा काढताना त्येंच्या पाठीत उसण भरली. मी म्हणलं, पेव कशाला उघडायलाव, लोक काय म्हणतील? घरात खायला न्हाई म्हणतील. झालं बी तसंच. सकाळधरनं बाया इचारायल्यात मला, काय वं, अशी काय वेळ आली?" सूप थांबलं. "तर म्हणले, आपली रास व्हायची हाय. घरात दुसरी ज्वारी न्हाई. तिचं गोदाम रिकामं राहतंय म्हणायली ना ती."

मी भिंतीला टेकले. भाकरी करपायली बघ, असं आत्या म्हणाल्या होत्या तेव्हा ओसरीवर खाकरल्याचा आवाज झाला होता. तो मला आता आठवला.

आमचं पेव घरापाशी नव्हतं. गावाच्या पांढरीत, मारुतीच्या देवळामागच्या उंचवट्यावर जुन्या घराण्यांची पेवं होती. बरीचशी कधीच पडून गेलेली. आमचं तेवढं राखलेलं. त्यामुळे ते उघडल्याचं घरात राहूनही मला समजलं नव्हतं. आदल्या दिवशी मी दिवसभर दारोदार लोकांना पटवत हिंडत होते.

"कुठं आहेत?" मी विचारलं.

"तिकडंच गेलेत. गाडी सोडली, फावडं घेतलं अन् गेले. पाणी बी प्याले न्हाईत. तू जा अन् बोलवून आण. मी न्हाई जायची."

"मी?"

"मग कोण? दुपारी बोललीस न्हवं?"

त्या बोलण्यात टोमणा किती आणि आणखी काही किती, ते मला अजून सांगता येणार नाही. पण त्याच वेळी मला दुसरीच भीती वाटली. पेवात विषारी हवा असते. लहानपणापासून ऐकत आलेले. उघडल्यावर वारा घेऊ द्यायचा, कंदील दोरीनं खाली सोडून बघायचा, तो विझला तर उतरायचं नाही. कितीतरी माणसं घाईनं उतरून आतच राहिली. मामांना हे कळत नव्हतं असं नाही. पण अपमान गिळून, उपाशीपोटी, एकटा गेलेला माणूस. उरलेली ज्वारी काढायला म्हणून उतरले असले तर?

मी धावले. पदर डोक्यावरून कधी पडला ते समजलं नाही. देवळापाशी बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. विश्वनाथअप्पांची सून दिवसातून दुसऱ्यांदा गावाला नवल दाखवत होती.

उंचवट्यावर मातीचा ढीग दिसला. शिळा बाजूला पडलेली. माणूस दिसेना. "मामा," मी ओरडले.  पुन्हा ओरडले तेव्हा ढिगाच्या पलीकडून फावड्याचा आवाज झाला आणि फेटा न घातलेलं त्यांचं पांढरं डोकं वर आलं. मी ढिगाला वळसा घालून गेले.

ते पेवात माती ओढत होते. आधी मला वाटलं तोंड नीट करतायत. मग आत बघितलं. पेव अर्ध्याच्या वर भरलं होतं. कडब्याच्या काळ्या पडलेल्या पेंढ्या मातीखाली जात होत्या.

"बुजवायलाव?" मी विचारलं.

"हं."

"पण हे तर..."  मामांच्या आजोबांनी खणलेलं पेव होतं ते. दुष्काळात अर्धं गाव त्यानं जगवलं, असं आत्या सांगायच्या.

मामांनी फावडं टेकवलं. कमरेवर हात ठेवून जरा मागे वाकले, उसण भरली होती तिथं. इथं मध्ये आत्याही नव्हत्या, रमजानचाचाही नव्हते. मामांनी देवळाकडे एकदा बघून घेतलं आणि मग बोलले.

"मागच्या पावसाचं पाणी मुरलेलं हाय आत. कवा मुरलं, मला समजलं न्हाई. पोती भरताना बी समजलं न्हाई. मला तो वासच येत न्हाई गं. जलम त्यात गेला." थोडं थांबले. "तू सळई काढलीस अन् तुझं तोंड बघितलो, तवा समजलं."

मी रडायला लागले. आवाज न करता रडायची सवय होती, पण जमलं नाही.

"रडू नको. चुकलीस का तू?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग? चांगलं म्हून आणलो होतो मी. जुनं धान्य मानाचं असतंय. पयलं तेच ठेवावं, असं आमचे वडील म्हणायचे." ते पुन्हा माती ओढू लागले. "आता इथं ठेवून भागत न्हाई. रास झाली की सगळी ज्वारी तुझ्याकडं आणतो."

"मामा, हे राहू द्या की. असावं एक."

"असलं की माणूस इथंच ठेवतंय. गोदामात एक हात अन् पेवात एक हात. मला तसं जमत न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, सरळ. "ती ओली निघाली तर?"

माझ्या डोळ्यांसमोर काटा आला, तांबड्याच्या टोकाला जाऊन थांबलेला. "परत पाठवीन," मी म्हटलं.

"पाठव," मामा म्हणाले. "पाटी घे ती."

मी पाटी घेतली. त्यांनी माती ओढायची, मी भरून टाकायची. अंधार पडायच्या आत पेव जमिनीबरोबर झालं. दर पावसाळ्यानंतर ती जागा थोडी खचते आणि तिथं दोन-चार पाट्या माती टाकावी लागते. मामा होते तोवर ते टाकायचे. आता मी टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाकडे निघाले ती कशासाठी, मला सांगता आलं नसतं. रिकामं गोदाम झाडायचं म्हणून निघाले असेन. वळणावरून बघते तर दारात गाडी सोडलेली आणि पायरीवर रमजानचाचा बिडी ओढत बसलेले.

"ये. कवाधरनं बसलोय," म्हणाले. "खुपस तुझी सळई. कुठं बी खुपस."

काटा हिरव्यात राहिला, अगदी मधोमध. चाचांनी तो स्वतः वाकून बघितला. मग म्हणाले की बाई, मला भीती एकच होती, माझी असली ज्वारी कुणाच्या तरी कुजक्या ज्वारीशेजारी जाऊन पडायची. सासऱ्याची नाकारलीस म्हणजे आता कुणाची घेत न्हाईस. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की जणू काल घडलेली गोष्ट म्हणजे दुकानदारानं तराजू दाखवावा तशी होती. मला हसावं की रडावं ते कळेना.

दुपारपर्यंत आणखी गाड्या आल्या. काही परत गेल्या. ज्यांच्या परत गेल्या ते कुरकुरले, पण विश्वनाथअप्पाचीच गेली तिथं आपली काय कथा, असं एकमेकांना सांगत माघारी वळले. भरली गाडी दारातून परत जाण्याचं कुणी नाव काढलं नाही. संध्याकाळी सबनीस साहेबांना निरोप धाडला. ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी ते येऊन गेले आणि मार्टाबाईंनी पोत्यांच्या थप्पीवर हात ठेवून फोटो काढून घेतला. मला त्यांनी शेजारी उभं केलं. तो फोटो संस्थेच्या भिंतीवर आहे. त्यात थप्पीच्या मागे, अर्धा कापला गेलेला, पोत्याचं तोंड धरून उभा असलेला एक फेटेवाला म्हातारा दिसतो. त्याचं एकही पोतं त्या थप्पीत नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांची पोती धरत होता.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा दोघंही मातीत आणि भुसकटात माखलेलो. मी चुलीवर आधण ठेवलं. मामा ओसरीवर भिंतीला टेकून बसले. चहा उकळला, मी सवयीप्रमाणे म्हटलं, "आत्या, चहा झालाय म्हणावं."

आत्यांनी मान वळवली. तोंड उघडलं.

"तिला म्हणावं," बाहेरून मामांचा आवाज आला, आणि मग थांबला.  मग ते पुन्हा म्हणाले, या वेळी माझ्या दिशेनं.

"महानंदा, चहा आण."